जड उचलीचा वायर रोप: 6×36, 19×7 की 35×7? बांधणी नेमकी कशावरून ठरवायची?

यार्डातला
नमस्कार मंडळी. देखभाल विभागात आहे. माझ्याकडच्या दोन क्रेनचे दोर अपेक्षेपेक्षा फार लवकर बाद होताहेत. नवे मागवण्याआधी इथल्या जाणकारांना विचारावं म्हटलं.

पहिली क्रेन शेडमधली, दोन गर्डरची ओव्हरहेड, 32 टन. फोर्जिंगचं काम आहे, त्यामुळे भट्टीवरून सतत ये-जा. हुक ब्लॉकला आठ फॉल (म्हणजे भार पेलणारे दोराचे आठ पदर), दोराची दोन्ही टोकं ड्रमवर, मधे दोन्ही बाजूंची ओढ सारखी ठेवणारी इक्वलायझर पुली. यंत्रणेचा वर्ग (काम किती जड आणि किती सतत, त्याची श्रेणी) एम6. दोर 20 मिमी, 6×36, फायबर कोअर (मधला गाभा धाग्यांचा), तारेच्या ताकदीचा ग्रेड 1770. तारा तुटतात आणि दोर भराभर बारीक होतो.

दुसरी उघड्यावरची जिब क्रेन. उचल बरीच उंच, फॉल दोनच, ड्रमवर दोराचे चार थर. दोर 19×7, स्थिर टोकाला स्विव्हल, म्हणजे दोराला फिरू देणारा जोड. भार असताना ठीक चालते, पण रिकामा हुक वर घेताना ब्लॉक फिरतो आणि दोन्ही फॉल एकमेकांभोवती पीळ खातात.

पुरवठादार म्हणतो दोन्हीकडे 35×7 टाका. आमच्यातले जुने लोक म्हणतात, एक माप जाड घ्या. तुम्ही काय कराल?

भारवाहू
जुन्या लोकांचं ऐका. 20 च्या जागी 22 घातला की तुटभार, म्हणजे दोर ज्या ओढीला तुटतो ती, वीस टक्क्यांनी वाढतो. दोरावरचा ताण तेवढ्या प्रमाणात कमी, आयुष्य जास्त. 35×7 महागडा प्रकार आहे, शेडमधल्या क्रेनला त्याची गरज नाही.

पेडपीळ
शेडमधल्या क्रेनला 35×7 नको, हे भारवाहू यांचं बरोबर आहे. जाड दोराबद्दल मात्र माझा ठाम विरोध.

उचलीचा दोर नुसत्या ओढीने क्वचितच संपतो. तो संपतो वाकून. दर फेरीत पुलीवर वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. हे वाकणं किती तीव्र, ते पुलीचा व्यास भागिले दोराचा व्यास यावर ठरतं. समजा तुमच्या पुल्या 450 मिमीच्या आहेत. 20 च्या दोराला हे गुणोत्तर 22.5 येतं. एम6 साठी आयएसओ 4308, म्हणजे क्रेनचा दोर निवडण्याचं मानक, पुलीला किमान 22.4 मागतं, ड्रमला 20. म्हणजे मूळ डिझायनरने बरोबर मोजून दिलंय. त्याच पुलीवर 22 चा दोर घातला की गुणोत्तर 20.5 वर घसरतं. ओढीत जे कमावलं ते वाकण्यात गमावलं. शिवाय ड्रमच्या आणि पुल्यांच्या खाचा 20 साठी कातलेल्या आहेत. 22 चा दोर त्यात बसणार नाही, चिमटला जाईल.

जाडी बदलायची तर पुल्या आणि ड्रमही बदला. नाहीतर जाडी तीच ठेवून बांधणी, कोअर आणि ग्रेड यांत काय करता येतं ते बघा.

पण त्याच्याही आधी एक काम आहे. यार्डातला, तुम्ही दोर "बाद होतोय" एवढंच लिहिलंत. कसा बाद होतोय? मेलेला दोर स्वतःच सांगतो की पुढचा कुठला घ्यायचा. कॅटलॉग नंतर उघडायचा. काढलेले दोर अजून भंगारात गेले नसतील तर एवढं बघून सांगा:

तारा पेडाच्या पाठीवर, म्हणजे बाहेरच्या उंचवट्यावर तुटल्यात, की दोन पेडांच्या मधल्या घळीत? तुटलेल्या तारेचं टोक भिंगाखाली कसं दिसतं? तुटलेला भाग कुठल्या पुलीवरून जाणारा होता? आणि पुल्यांच्या खाचांना गेज लावून बघितलाय का?

जिब क्रेनसाठी ड्रमपासून पहिल्या पुलीपर्यंतचं अंतर आणि ड्रमची रुंदी हवी.

कप्पी
धागा वाचतोय. मी या क्षेत्रात नवीन आहे. आधी हे 6×36 वगैरे आकडे कुणी नीट सांगेल का? जास्त तारा म्हणजे जास्त ताकद, असं आहे का?

तन्यता
कप्पी, नाही. मी दोरांच्या तपासणीचं काम करते, आणि हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

पहिला आकडा पेडांचा, दुसरा प्रत्येक पेडातल्या तारांचा. 6×36 म्हणजे सहा पेड, प्रत्येकात 36 तारा. त्याच जाडीच्या दोरात तारा वाढल्या की प्रत्येक तार बारीक होते. धातूचं एकूण क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, म्हणून ताकद फारशी बदलत नाही. बदलतो तो स्वभाव. 20 मिमीच्या 6×19 सील दोरात बाहेरची तार साधारण 1.6 मिमीची असते, 6×36 वॉरिंग्टन-सीलमध्ये सुमारे 1.1 मिमीची. जाड तार घासणीला टिकते पण वाकताना लवकर थकते. बारीक तार वाकायला चांगली, पण खरवडली की लवकर संपते. बांधणीची निवड म्हणजे मुळात या दोघांमधली ओढाताण आहे. दोर जमिनीवरून किंवा कडांवरून घासत जात असेल तर 6×19 सील, आणि पुल्या जास्त, फेऱ्या जास्त असतील तर 6×36. त्या दोघांच्या मधला 6×26 वॉरिंग्टन-सीलही असतो, त्याचा विचार लोक कमी करतात. 6×7 उचलीला वापरत नाहीत, फार ताठ असतो.

पेडातल्या तारांची मांडणीही महत्त्वाची. 36 चं पेड असं असतं: मधे 1, त्याभोवती 7, मग जाड-बारीक आळीपाळीने 7 आणि 7, बाहेर 14. जाडी अशी नेमकी निवडलेली असते की वरची तार खालच्या दोन तारांच्या घळीत लांबीभर बसते. त्यामुळे तारा एकमेकींना आडव्या छेदत नाहीत. जुन्या पद्धतीच्या बांधणीत थर वेगवेगळ्या पिळाने घातलेले असत, तारा एकमेकींवर ठिपक्या-ठिपक्यांत टेकत आणि आतून खाचा पडत. म्हणून मागणीपत्रात नुसतं "6×37" लिहू नका. तो गट आहे, बांधणी नव्हे. 6×36 वॉरिंग्टन-सील असं पूर्ण नाव लिहा.

उचलगाडी
फायबर कोअरबद्दल वाईट बोलायच्या आधी माझंही ऐका. फायबर कोअरचा दोर हाताळायला मऊ, ग्रीस पोटात धरून ठेवतो, दाब आला की आतून बाहेर सोडतो. वर्कशॉपच्या हलक्या होइस्टवर तो उत्तम चालतो.

पेडपीळ
उचलगाडी, हलक्या होइस्टवर चालतो हे मान्य. एकेरी थर, मोठ्या पुल्या, थंड जागा असेल तर मीही नाही म्हणणार नाही. पण या क्रेनवर दोन गोष्टी त्याच्या विरोधात जातात.

एक, उष्णता. फायबर कोअरच्या दोराला 100 अंशांची मर्यादा पाळायची असते. भट्टीवरून जाणारा दोर रोज थोडा थोडा भाजला जातो, कोअर वाळतो, त्यातलं ग्रीस निघून जातं, आणि मग तो पेडांना आतून आधार देत नाही. पेड आत बसतात, एकमेकांवर टेकतात, दोराचा व्यास उतरतो. स्टीलच्या कोअरचा दोर 200 अंशांपर्यंत वापरता येतो.

दोन, ताकद. आकडेच मांडतो. भार 32 टन, हुक ब्लॉक 0.8 टन धरला तर 32.8. आठ फॉलमध्ये वाटला की 4.1 टन. पुल्या रोलर बेअरिंगच्या असतील तर एका बाजूच्या चार फॉलची कार्यक्षमता साधारण 0.97 धरायची. म्हणजे ड्रमवर येणारी ओढ सुमारे 4.23 टन, 41.5 किलोन्यूटन. एम6 ला सुरक्षा गुणांक 5.6. गुणाकार 232 किलोन्यूटन. हा दोराचा किमान तुटभार हवा.

20 मिमी, 1770 ग्रेड, 6×36 फायबर कोअर: 234. पास, पण अगदी काठावर. हाच दोर स्टीलच्या स्वतंत्र कोअरचा घेतला तर 252. जाडी तीच, खाचा त्याच, तुटभार जवळपास आठ टक्के जास्त. वजन साधारण दहा टक्के वाढतं, ते इथे बिनमहत्त्वाचं.

क्रेनचं काम वाढून वर्ग एम7 मध्ये गेला असेल तर गुणांक 7.1 होतो, गरज 294 वर जाते, आणि 20 मिमीचा 1960 ग्रेडही 279 लाच थांबतो. तेव्हा 22 चा दोर आणि त्याबरोबर पुल्या व ड्रम बदलणं हाच रस्ता उरतो. म्हणून वर्ग एकदा प्रत्यक्ष फेऱ्यांवरून तपासून घ्या. पाटीवर कोरलेला एम6 हा क्रेन नवी असतानाचा असतो. काम दुप्पट झालं तरी पाटी बदलत नाही.

भारवाहू
हिशेब पटला. पण मग थेट 1960 किंवा 2160 ग्रेड का नाही? तुटभार वाढेल, जाडी तीच.

पेडपीळ
गरज असेल तर जरूर घ्या, पण फुकट मिळत नाही. ग्रेड वाढवला की तार कठीण होते, पुलीची खाच मऊ असेल तर ती लवकर झिजते. आणि एका जाडीत जास्त ताकद मिळाली म्हणून लोक जास्त ओढ लावतात, तेव्हा खाचेवरचा दाब वाढतो. इथे 1770 मध्ये 252 मिळतंय, 232 ची गरज आहे. ग्रेड तोच ठेवीन.

यार्डातला
उशीर झाला, पण सगळं बघून आलो. काढलेले दोन्ही दोर शेडमागे पडलेले होते.

शेडमधल्या क्रेनचा दोर: तुटलेल्या तारा बहुतेक घळीत आहेत. पाठीवर थोड्याच. दोर थोडा वाकवला की घळीतून टोकं बाहेर येतात, नाहीतर दिसतही नाहीत. टोकं सपाट, आडवी कापल्यासारखी. नवा दोर मोजला तेव्हा 20.5 होता, काढताना 19.2. आत कोअर बोटाने चुरला गेला, भुसा निघाला. पुल्यांना गेज लावला. खालच्या ब्लॉकमधल्या पुल्यांत 20 चा गेज तळाला टेकतच नाही, दोन्ही बाजूंना अडकतो. खाचेच्या तळाशी दोराच्या पेडांचे ठसे उमटलेत.

जिब क्रेन: ड्रमच्या मध्यापासून कडेपर्यंत 400 मिमी. पहिली पुली 7.5 मीटरवर. स्विव्हलजवळचा दोर कापून बघितला. बाहेरून एकही तार तुटलेली नव्हती, पण आतल्या थरात तुटलेल्या तारांचे तुकडे हातात आले. हे बघून खरंच धस्स झालं.

तन्यता
यार्डातला, इतकं नीट बघून लिहिल्याबद्दल मनापासून आभार. यावर बोलता येतं.

आधी शेडमधला दोर. सपाट टोक म्हणजे थकवा. ओढीने तुटलेली तार टोकाशी बारीक होऊन वाटी आणि सुळक्यासारखी तुटते, झिजून तुटलेली चाकूच्या पात्यासारखी पातळ होते. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, म्हणजे अतिभार नाही आणि घासणी नाही.

थकवा घळीत का आला? पाठीवर तुटणं हे पुलीवर वाकण्याचं नेहमीचं म्हातारपण असतं, ते मोजत मोजत दोर वापरता येतो. घळीत तुटणं म्हणजे पेड एकमेकांवर दाबले जाताहेत. त्याची दोन कारणं, आणि तुमच्याकडे दोन्ही हजर आहेत: कोअर बसला, आणि खाच अरुंद झाली. आयएसओ 4309, म्हणजे क्रेनचे दोर तपासून बाद करण्याचं मानक, याबाबत कडक आहे. एका पीळलांबीत, म्हणजे साधारण व्यासाच्या सहापट अंतरात, घळीतल्या दोन तारा तुटल्या की दोर बाद. पाठीवरच्या तारांना जी मोकळीक आहे ती घळीला नाही, कारण घळीत दोन दिसल्या तर आत किती आहेत ते डोळ्याला कळत नाही.

खाच अरुंद होते कशी? दोर वापरात बारीक होतो आणि तसाच बारीक आकार खाचेत कोरत जातो. 19.2 चा दोर खाचेला 19.2 ची करतो. मग तुम्ही नवा 20.5 चा त्यात घालता. नवा दोर नाममात्र मापापेक्षा पाच टक्क्यांपर्यंत जाड असू शकतो, ते नियमातच आहे. तो पहिल्या दिवसापासून चिमट्यात. खाचेची त्रिज्या दोराच्या व्यासाच्या 0.53 ते 0.55 पट हवी, तुमच्या 20 साठी 10.75 मिमीच्या आसपास.

म्हणजे आत्ता जगातला सर्वोत्तम दोर आणून या पुल्यांवर घातलात तरी तो असाच मरेल. पुल्या आधी.

कप्पी
तन्यताताई, व्यास मोजायचा कसा? मी कॅलिपर लावला की दर वेळी वेगळा आकडा येतो.

तन्यता
बारीक जबड्याचा कॅलिपर लावता म्हणून तसं होतं. जबडा घळीत बसला की माप कमी येतं. निदान दोन शेजारचे पेड व्यापतील असे रुंद जबडे घ्या आणि समोरासमोरच्या पेडांच्या पाठींवर टेकवा. ग्रीस पुसा. त्याच जागी कॅलिपर 90 अंशात फिरवून दुसऱ्यांदा मोजा. दोन मापांत फरक असेल तर दोर चपटा होतोय. आणि पहिलं माप दोर नवा घालून, हलक्या भाराच्या काही फेऱ्या झाल्यावर घ्या, ते वहीत लिहून ठेवा. पुढची घट त्या मापाशी ताडायची. सगळीकडे सारखी घट असेल तर फायबर कोअरच्या सहा पेडी दोराला 10 टक्के, स्टील कोअरच्याला 7.5 आणि फिरण-रोधक दोराला 5 टक्के ही बादची हद्द. एकाच ठिकाणी व्यास अचानक उतरला असेल तर टक्के मोजत बसू नका, तिथे कोअर गेलाय.

पेडपीळ
शेडमधल्या क्रेनबद्दल तन्यताताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात एकच भर: इक्वलायझर पुलीवरचा दोर उचलून तपासा. ती पुली फिरत नाही म्हणून तिथे काही होत नसेल असं वाटतं. प्रत्यक्षात दोर तिथे मिलिमीटर-मिलिमीटर मागेपुढे डुलत राहतो, एकाच जागी वाकतो, वरून ग्रीस पोचत नाही, धूळ आणि ओल साठते. दोर पुलीवरून उचलल्याशिवाय खालची बाजू दिसतच नाही.

आता जिब क्रेन. हिच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते.

19×7 आणि 35×7 हे दोन्ही फिरण-रोधक म्हणून विकले जातात, पण ते एकाच जातीचे नाहीत. साध्या सहा पेडी दोरावर भार आला की पेड उलगडायला बघतात आणि दोर फिरतो. फिरण-रोधक दोरात बाहेरचे पेड एका दिशेने आणि आतले उलट दिशेने वळलेले असतात, दोघांची फिरण्याची ओढ एकमेकांना तोडते. 19×7 मध्ये बाहेर 12 पेड आणि आत 7. बाहेरचा थर मध्यापासून लांब आणि धातूही जास्त, त्यामुळे तोल अर्धवटच जमतो. 35×7 मध्ये बाहेर 16 आणि आतल्या पेडांचे थर जास्त, तोल जवळजवळ पूर्ण.

आता 19×7 च्या टोकाला स्विव्हल लावलं की काय होतं बघा. दोराला मोकळीक मिळाली. भार आला की बाहेरचा थर उलगडतो, लांबतो, सैल होतो. आतला थर उलट दिशेचा असल्यामुळे तोच फेर त्याला आणखी आवळतो, आखूड करतो. बाहेरच्या 12 पेडांनी सोडलेला भार आतल्यांवर जातो. आत तारा तुटतात आणि बाहेरून दोर नवा दिसतो. तुम्हाला कापल्यावर जे हातात आलं ते हेच.

स्विव्हलचा निकष दोराच्या फिरण्यावर आहे. किमान तुटभाराच्या 20 टक्के भाराखाली, व्यासाच्या हजारपट लांबीत दोर एक फेर किंवा त्याहून कमी फिरत असेल तर स्विव्हल चालतं. एक ते चार फेर असेल तर दोर बनवणाऱ्याला विचारून. चारपेक्षा जास्त असेल तर लावायचंच नाही. सहा पेडी दोराला तर मुळीच नाही. मागणी करताना हा फिरण्याचा आकडा लेखी मागा, नुसता "फिरण-रोधक" हा शब्द पुरेसा नाही.

भारवाहू
म्हणजे जिब क्रेनला पुरवठादाराचं बरोबर निघालं? 35×7?

पेडपीळ
बांधणी बरोबर, पण तेवढ्याने ब्लॉकचं फिरणं थांबणार नाही. कारण बघा: ब्लॉक भाराखाली फिरत नाही, रिकामा असताना फिरतो. दोराच्या स्वतःच्या पिळामुळे फिरत असता तर भाराखालीही फिरला असता, कारण भार वाढतो तशी ती ओढही वाढते. रिकामा हुक फिरणं ही दोरात बाहेरून भरलेल्या पिळाची खूण आहे. भार असताना दोन फॉलमधलं अंतर आणि वजन ब्लॉकला सरळ ठेवतात. वजन गेलं की अडकलेला पीळ मोकळा होऊ बघतो.

तो पीळ भरतो कुठून? यार्डातला यांच्याच मापांतून. 400 मिमी भागिले 7500, म्हणजे ड्रमच्या कडेला दोर पुलीत 3 अंशांहून थोडा जास्त तिरका शिरतो. तिरका शिरलेला दोर आधी खाचेच्या भिंतीवर चढतो आणि मग तळाकडे गडगडत उतरतो. दर फेरीत थोडा थोडा फिरवला जातो. साध्या दोराला 4 अंशांपर्यंत चालतं, फिरण-रोधक दोराला 2 च्या आत ठेवायचं. 35×7 ला हा नियम तितकाच लागू आहे.

400 मिमीला 2 अंश हवे तर पुली साडेअकरा मीटरवर न्यावी लागेल. जागा नसेल तर अरुंद ड्रम, किंवा दोराबरोबर आडवी सरकणारी पुली. यातलं काय शक्य आहे ते क्रेन बनवणाऱ्याशी बोलूनच ठरवा, जिबवर स्वतःहून वेल्डिंग करू नका.

उचलगाडी
एक प्रश्न. ड्रमवर चार थर आहेत. 35×7 च्या तारा बारीक असतात, थरांच्या खाली चिरडणार नाहीत का? मी लँग पिळाचा सहा पेडी दोर अशा ठिकाणी चांगला टिकलेला बघितलाय.

तन्यता
शंका रास्त आहे. अनेक थर असले की दोर मरतो तो वरचा फेरा खालच्यावर चढण्याच्या जागी, ड्रमच्या त्याच दोन पट्ट्यांत. म्हणून या क्रेनसाठी कॉम्पॅक्ट केलेल्या पेडांचा 35×7 मागवा. त्यात पेड दाबून बाहेरच्या तारा चपट्या केलेल्या असतात, शेजारच्या फेऱ्याशी घासताना तारेत तार अडकत नाही, चिरडणंही कमी होतं, आणि त्याच जाडीत तुटभार वाढतो.

आणि सगळ्यात खालचे थर ताणाखाली गुंडाळा. निदान तुटभाराच्या एक-दोन टक्के ओढ हवी. सैल थरावर भाराचा थर आला की वरचा दोर खालच्या दोघांमध्ये घुसतो. क्रेन बरेच दिवस खालचे थर न उलगडता चालत असेल तर मधे एकदा सगळा दोर सोडून पुन्हा ताणून गुंडाळा. चढण्याच्या जागा हलवण्यासाठी ड्रमच्या टोकाकडून थोडा दोर कापून टाकण्याची पद्धतही आहे, मागवतानाच तेवढी लांबी जास्त घ्या.

लँग पिळाबद्दल: तारा आणि पेड एकाच दिशेने वळलेले असल्यामुळे बाहेर तारेचा लांब पट्टा उघडा राहतो, झीज पसरते, टिकतो हे खरं. पण तो फिरायला सगळ्यात उतावीळ. दोन्ही टोकं पक्की बांधलेली आणि ब्लॉक फिरूच शकत नाही अशाच जागी तो चालतो. उंच उचल, दोन फॉल, फिरता हुक इथे सहा पेडी लँग पीळ कदापि नको. मजा म्हणजे 1834 मध्ये विल्हेल्म आल्बर्टने हार्झच्या खाणीत पहिला टिकाऊ तारदोर वापरला, तोही एकाच दिशेच्या पिळाचा होता, तीन पेड आणि प्रत्येकात चार तारा. तो खाणीचा दोर होता, बादली मार्गदर्शक रुळांत बांधलेली असते तिथे फिरण्याचा प्रश्न येत नाही.

यार्डातला
मागणीपत्राचा मसुदा असा केलाय, बघा.

शेडमधली क्रेन: आधी खालच्या ब्लॉकच्या सगळ्या पुल्या बदलून, खाच 10.75 त्रिज्येची. मग 20 मिमी, 6×36 वॉरिंग्टन-सील, स्टीलचा स्वतंत्र कोअर, 1770, साधा पीळ (तारा आणि पेड उलट दिशांनी वळलेले), किमान तुटभार 252 किलोन्यूटन.

जिब क्रेन: जुन्या जाडीचाच 35×7, कॉम्पॅक्ट पेड, फिरण्याचा आकडा लेखी. पुलीचं अंतर वाढवण्याबद्दल क्रेन बनवणाऱ्याला पत्र दिलंय. तोपर्यंत जुना 19×7 काढून क्रेन बंद ठेवलीय.

एक विचारायचं राहिलं. शेडच्या दोरात प्लास्टिकचं आवरण असलेला कोअर घेऊ का? पुरवठादार फार आग्रह करतोय.

पेडपीळ
मसुदा उत्तम. क्रेन बंद ठेवलीत हे फार चांगलं केलंत.

प्लास्टिकचा कोअर चांगली वस्तू आहे. पेड आणि कोअर एकमेकांवर घासत नाहीत, ग्रीस आत राहतं, पाणी शिरत नाही. बंदरावर, जलद फेऱ्यांच्या क्रेनवर मी आवर्जून घेईन. पण भट्टीवर नको, तिथे प्लास्टिकच आधी मऊ पडेल. साधा स्टील कोअरच ठेवा. क्रेन कधी वितळलेला धातू उचलणार असेल तर पुन्हा विचारा, तिथे गुणांकच वेगळा लागतो.

मसुद्यात दोन शब्द वाढवा. दोन्ही दोरांना पिळाची दिशा लिहा. नियम असा: ड्रमची खाच उजव्या वळणाची असेल तर दोर डाव्या पिळाचा. तुमच्या शेडच्या ड्रमवर बहुधा अर्धा उजवा, अर्धा डावा असेल, तिथे मूळ दोराची दिशा पाळा. जिबवर मात्र नक्की बघून लिहा. आणि प्रमाणपत्रात प्रत्यक्ष मोजलेला तुटभार मागा.

तन्यता
दोर आल्यावरचं माझ्याकडून. 35×7 कापताना आधी दोन्ही बाजूंना तारेने घट्ट बांधा किंवा टोक वितळवून जोडा, मगच कापा. न बांधता कापला तर आतले आणि बाहेरचे थर एकमेकांवर सरकतात आणि पहिल्याच भाराला दोराचा पिंजरा होतो, म्हणजे बाहेरचे पेड फुगून सुटतात.

रीळ स्टँडवर फिरू द्या. जमिनीवर आडवी ठेवून वरून वेटोळी काढली की दर वेटोळ्याला एक पीळ दोरात भरतो, आणि तुमचा ब्लॉक पुन्हा फिरायला लागेल. रिळावर दोर ज्या बाजूला वाकलेला असतो त्याच बाजूला ड्रमवर वाकू द्या, म्हणजे रिळाच्या वरून निघालेला दोर ड्रमच्या वरच्या बाजूने जाईल.

वेज सॉकेटमध्ये, म्हणजे पाचर घालून दोराचं टोक धरणाऱ्या जोडात, भाराची बाजू पिनच्या सरळ रेषेत. सुटं टोक साध्या दोराला व्यासाच्या सहापट पुरतं, फिरण-रोधक दोराला वीसपट ठेवा. क्लिप लावायची तर सुट्या टोकालाच, भाराच्या दोराला धरून आवळायची नाही.

यार्डातला
दिशा तपासली. जिबचा ड्रम उजव्या खाचेचा आहे आणि जुना 19×7 सुद्धा उजव्याच पिळाचा होता. मागणीत डावा लिहिला. पुल्यांचं माप टर्नरला दिलंय, त्या बसल्या की गेज लावून इथे कळवतो.